कस्टम मोडमध्ये काय साठवायचं आणि काय नाही

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी हौसेने फोटो काढते. आधी डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरत होते, आता मिररलेस (बिनआरशाचा, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचा) घेतला आहे. सकाळी पक्षी, सुट्टीत निसर्गदृश्यं, मधूनच फुलं-कीटक आणि आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे प्रयोग, असं सगळंच काढते. कॅमेऱ्याच्या डायलवर सी१, सी२, सी३ असे तीन कस्टम मोड, म्हणजे आपली सेटिंग एकत्र साठवायचे स्लॉट आहेत. त्यात मी निसर्गदृश्य, पक्षी आणि मॅक्रो साठवलं आहे. पण मी काही बदल केला की थोड्या वेळाने तो आपोआप पुसला जातो. शिवाय गेल्या प्रयोगाला घाईत पक्ष्यांच्याच मोडवर फोटो काढत राहिले. सगळे काळपट आणि दाणेदार आले. मला तीन स्लॉट पुरत नाहीत. नाटकासाठी चौथा कुठून आणू? आणि धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन जातो तेव्हा सेटिंग बदलून आणतो, त्यावर काही उपाय?

उत्तर:

नमस्कार,

बदल पुसला जातो हा बिघाड नाही, हे आधी सांगते, म्हणजे सर्व्हिस सेंटरची चक्कर वाचेल. कस्टम मोड मुळात तसाच चालतो. तुम्ही डायल सी२वर आणता तेव्हा कॅमेरा साठवलेल्या सेटिंगची एक प्रत उघडतो. मग तुम्ही शटर स्पीड बदला, फोकसचा चौकोन हलवा, ते सगळं त्या प्रतीवर होतं. डायल दुसरीकडे फिरवला किंवा कॅमेरा बंद केला की ती प्रत रद्द होते आणि पुढच्या वेळी मूळ साठवण समोर येते. काही कॅमेऱ्यांत बॅटरी वाचवायला कॅमेरा आपोआप झोपला तरी हेच घडतं. पक्ष्याची वाट बघत तुम्ही शांत बसलेल्या असता, मिनिटभरात कॅमेरा झोपतो, आणि पक्षी आल्यावर बटण दाबून जागा करता तेव्हा मघाशी केलेला बदल गेलेला असतो. तुम्ही 'थोड्या वेळाने आपोआप' म्हणता, ते बहुधा हेच.

हे वागणं बऱ्याच कॅमेऱ्यांत बदलता येतं. कॅननच्या कस्टम मोडच्या मेन्यूत 'ऑटो अपडेट' आहे. ते सुरू केलं की तुम्ही केलेला प्रत्येक बदल थेट साठवणीत जातो. फुजीफिल्मच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत तशीच सोय आहे. ओएम सिस्टिमच्या ओएम-१मध्ये 'होल्ड' आणि 'रीसेट' असे दोन पर्याय मिळतात. पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स एस मालिकेत तर साठवलेली सेटिंग पुन्हा कधी आणायची, म्हणजे मोड बदलल्यावर, झोपेतून उठल्यावर की कॅमेरा सुरू केल्यावर, हे एकेक करून ठरवता येतं. निकॉनच्या झेड८ आणि झेड९चा प्रकार याच्या उलट आहे. तिथे ए ते डी अशा मेन्यू बँका आहेत आणि बँकेत असताना केलेला बदल तिथेच राहतो, मूळ स्थितीला परत येण्याची सोय त्यात नाही. त्याच कंपनीच्या झेड६, झेड७मधले यू१, यू२, यू३ मात्र तुमच्या कॅमेऱ्यासारखे मूळपदावर येतात.

माझं स्पष्ट मत: ऑटो अपडेट बंदच ठेवा. अंधारात, घाईत, डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना डायल फिरवला तर पुढे काय मिळणार हे न बघता ठाऊक असायला हवं. तेवढ्यासाठीच तर स्लॉट असतो. ऑटो अपडेट सुरू असेल तर आज एका पक्ष्यासाठी केलेली तडजोड उद्याच्या पक्ष्यासाठी मूळ सेटिंग होऊन बसते, आणि महिनाभरात सी२मध्ये नक्की काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. झोपेचा त्रास वेगळ्या मार्गाने जाईल. ऑटो पॉवर ऑफची वेळ एक मिनिटावरून पाच मिनिटांवर न्या आणि खिशात एक जादा बॅटरी ठेवा.

आता स्लॉट पुरत नाहीत या तक्रारीकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. तुम्ही विषयवार वाटणी केली आहे: निसर्गदृश्य, पक्षी, मॅक्रो. वरवर बघता ते बरोबर वाटतं, पण एक साधा प्रश्न विचारून बघा. हा फोटो काढायच्या आधी माझ्या हातात किती वेळ असतो? निसर्गदृश्याला तुम्ही ट्रायपॉड उभा करता, फ्रेम जुळवता, ढगाची वाट बघता. अपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/८ किंवा एफ/११, सर्वांत कमी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात), दोन सेकंदांचा टायमर, ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, एवढं लावायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते अर्धं मिनिट तुमच्याकडे कायम असतं. सूर्योदय झाला तरी असतं. त्या कामाला डायलवरची सर्वांत मोक्याची जागा देऊ नका. निसर्गदृश्य ए म्हणजे अपर्चर प्रायॉरिटीवर काढा आणि सी१ मोकळा करा. चौथा स्लॉट तुम्हाला इथेच मिळाला.

स्लॉट द्यावा तो अचानक येणाऱ्या प्रसंगाला, आणि तोही असा, की त्यासाठी एकदम चार-पाच गोष्टी बदलाव्या लागतात आणि त्यातल्या दोन-तीन मेन्यूत खोल दडलेल्या असतात. डीएसएलआरच्या काळात कॅननच्या ४०डीवर २००७मध्ये सी१ ते सी३ आले, निकॉनच्या डी७०००वर २०१०मध्ये यू१, यू२ आले. तेव्हा शटर, अपर्चर, आयएसओ आणि फोकसचा पॉइंट एवढं हातात असलं की बहुतेक काम भागायचं. मिररलेसमध्ये त्यात कितीतरी भर पडली. माणूस ओळखायचा की पक्षी, शटर मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक, व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजरचा परिणाम दिसावा की नाही, दिव्यांचा फ्लिकर, म्हणजे लुकलुक, सांभाळायचा की नाही. पक्ष्यांकडून माणसांकडे वळताना हे सगळं हाताने बदलायचं म्हटलं तर पहिला अंक संपेल.

तुमच्या त्या प्रयोगात काय झालं ते आकड्यांत बघा. पक्ष्यांच्या मोडवर शटर १/३२०० होतं असं धरू. रंगमंचाच्या साधारण उजेडात एफ/२.८ला १/२५० शटर आणि आयएसओ ३२०० एवढ्यात चेहरा नीट येतो. १/३२०० म्हणजे त्याच्या जवळपास तेरापट कमी प्रकाश. तो भरून काढायला आयएसओ ४०,०००च्या घरात जावा लागला असता. तुमची ऑटो आयएसओची मर्यादा १२,८०० असेल तर कॅमेरा तिथे अडला आणि उरलेला फरक काळपटपणा होऊन फोटोत आला. दाणे दिसले ते आयएसओमुळे, काळपटपणा मर्यादेमुळे. लेन्स त्याहून बंद असेल, म्हणजे पक्ष्यांची एफ/६.३वाली असेल, तर परिस्थिती आणखी बिकट. तुमच्या हाताचा किंवा नजरेचा यात काही दोष नाही, हे मनापासून सांगते.

तेव्हा सी१ नाटकाला द्या. त्यात काय असावं ते जरा सविस्तर लिहिते, कारण रंगमंच हे प्रकाशाच्या दृष्टीने अवघड ठिकाण आहे आणि तुमचं तिथलं काम पुन्हा करता येत नाही.

मोड मॅन्युअल, शटर १/२५०, लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ ऑटो आणि मर्यादा ६४०० किंवा तुमच्या कॅमेऱ्याला झेपेल तेवढी. पात्रं बोलत उभी असतील तर १/१२५ सुद्धा पुरतं, नाचत-धावत असतील तर १/५०० हवं. १/२५० हा मधला मुक्काम आहे, तिथून दोन्हीकडे चाकाच्या तीन-तीन क्लिकमध्ये जाता येतं. फोकस कंटिन्युअस (हलत्या विषयामागे सतत जाणारा), ओळख माणसाची, डोळ्यावर. मीटरिंगकडे, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो त्याकडे, लक्ष द्या. काळा पडदा आणि मधे एका पात्रावर पडलेला झोत, असं दृश्य असलं की कॅमेरा काळ्या भागाला उजळ करायला जातो आणि चेहरा पांढराफटक होतो. हायलाइट-वेटेड, म्हणजे उजळ भाग सांभाळणारं मीटरिंग असेल तर तेच साठवा. नसेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) -०.७ ठेवून साठवा. एरवी मी कॉम्पेन्सेशन साठवायच्या विरोधात आहे, पण नाटकाला अपवाद करते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. प्रकाशयोजनाकाराने मुद्दाम दिलेला निळा किंवा तांबूस रंग ऑटो पुसायला बघतो आणि एकाच प्रवेशातले लागोपाठचे फोटो वेगवेगळ्या रंगाचे निघतात. ४००० केल्विनला बांधून ठेवा आणि रॉमध्ये (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, म्हणजे नंतर सगळे एकदम सुधारता येतील.

मग शटरचा आवाज. प्रेक्षकांत बसून काढायचं तर सायलेंट शटर हवंच, पण तिथे एक खाच आहे. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि बहुतेक सेन्सर त्यात वरपासून खालपर्यंत ओळीने वाचले जातात. त्या वाचनाच्या काळात दिवा लुकलुकला तर फोटोत आडवे पट्टे उमटतात. घरगुती वीज ५० हर्ट्झची असेल तिथे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झला १२० वेळा. अशा ठिकाणी १/१०० किंवा १/५०, आणि ६० हर्ट्झला १/१२० किंवा १/६०, एवढ्यावर आलात की पट्टे बहुतेक निघून जातात. रंगमंचावरचे मंद केलेले एलईडी मात्र याहून कितीतरी जलद लुकलुकतात आणि प्रत्येकाची गती निराळी असते. त्यासाठी काही नव्या कॅमेऱ्यांत शटर स्पीड अगदी बारीक टप्प्यांनी बदलता येतो. पट्टे विरेपर्यंत तो हळूहळू हलवत राहायचं. हे काम तालमीला करा. दिवे लावले जातील तेव्हा मागच्या पडद्याचे पाच-सहा वेगवेगळ्या शटरला फोटो घ्या, मोठे करून बघा, आणि ज्या आकड्याला पडदा एकसारखा दिसतो तोच साठवा. एकही आकडा सापडला नाही तर मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर सुरू करून टाळ्यांच्या, संगीताच्या जागा धरून फोटो घ्या. पट्टे पडलेला फोटो नंतर सुधारायला फार जड जातो.

याच स्लॉटमध्ये फोकसला मदत करणारा दिवा बंद, बीप बंद, फोटो काढल्यावर तो पडद्यावर दिसणं बंद, हेही ठेवा. अंधाऱ्या नाट्यगृहात मागच्या रांगेतल्यांना तुमचा उजळणारा स्क्रीन त्रास देतो आणि पुढच्यांच्या डोळ्यांत तो नारिंगी दिवा जातो. या तीन गोष्टी काही कॅमेऱ्यांत कस्टम मोडमध्ये साठतात, काहींत त्या सगळ्या कॅमेऱ्याला लागू असतात. तुमच्याकडे कसं आहे ते तपासायची सोपी रीत आहे: सी१मध्ये बीप बंद करून साठवा, डायल एवर नेऊन बीप सुरू करा, परत सी१वर या. बीप पुन्हा बंद झाला असेल तर तो साठतो. कुठल्याही शंकास्पद सेटिंगला हीच परीक्षा लावा. मॅन्युअलची पानं चाळण्यापेक्षा यात लवकर उत्तर मिळतं.

सी२ पक्ष्यांसाठी आहे तसा राहू द्या, फक्त थोडी डागडुजी हवी. तो उडत्या पक्ष्याचा मोड समजा. शटर १/२५००, लहान चपळ पक्ष्यांना १/३२००, तरंगणाऱ्या मोठ्या पक्ष्यांना १/१६०० चालतं. फोकस कंटिन्युअस, क्षेत्र मोठं, ओळख पक्ष्याची, बर्स्ट (बटण दाबून धरल्यावर निघणारे सलग फोटो) जलद. तुमचा सेन्सर संथ वाचणारा असेल तर शटर मेकॅनिकल ठेवा. इलेक्ट्रॉनिकमध्ये फडफडणारा पंख वाकडा येतो. आयएसओ ऑटो साठवा, पण एका गोष्टीची सवय लावून घ्या. पक्षी मोकळ्या आकाशावरून गर्द झाडीसमोर येतो तेव्हा त्याच्यावरचा उजेड तोच असतो, पार्श्वभूमी तेवढी बदलते. ऑटो आयएसओ त्या पार्श्वभूमीला भुलतो. पांढरा बगळा झाडीसमोर आला की पिसांचा तपशील उडतो. उजेड स्थिर असेल त्या सकाळी एकदा आयएसओ बघून घ्या आणि तोच आकडा बांधून टाका. डायल फिरवलात की ऑटो आपसूक परत येईल, आणि इथे ऑटो अपडेट बंद असल्याचा फायदा दिसतो.

बसलेल्या पक्ष्याचं काय? त्याला वेगळा स्लॉट लागतोच असं नाही. फांद्यांच्या गुंत्यात बसलेला पक्षी आणि उडता पक्षी यांत फरक मुख्यतः फोकसच्या क्षेत्राचा आणि शटरचा. मोठं क्षेत्र पुढची काटकी पकडतं, तिथे एकच छोटा पॉइंट हवा, आणि शटर १/५०० किंवा त्याहून कमी, म्हणजे आयएसओ खाली येतो. यासाठी बटणावर साठवणूक करता येते. सोनीच्या बऱ्याच अल्फा कॅमेऱ्यांत 'रजिस्टर कस्टम शूटिंग सेट' नावाची सोय आहे. त्यात शटर, आयएसओ, फोकसचं क्षेत्र, ड्राइव्ह यांतलं जे हवं त्यावर टिक करून एका बटणाला जोडायचं. बटण दाबून धरलं तोवर ती सेटिंग, सोडलं की पहिली. कॅननच्या आर५, आर६मध्ये आणि निकॉनच्या झेड८, झेड९मध्येही असं शूटिंग फंक्शन बटणावर बोलावता येतं. हा पर्याय तुमच्याकडे असेल तर बटणावर बसलेला पक्षी ठेवू नका, उडता ठेवा, आणि सी२चा पाया बसलेल्या पक्ष्याचा करा. पक्षी बहुतेक वेळ बसलेलाच असतो, आणि तो उडतो त्या क्षणी अंगठा आपोआप दाबला जातो. दाबलेलं बटण सोडायला वेगळं लक्षात ठेवावं लागतं, दाबायला लागत नाही. ही सोय नसेल तर निदान दुसऱ्या एका बटणाला छोट्या पॉइंटसह ऑटोफोकस जोडता येतो का ते बघा. ते बऱ्याच कॅमेऱ्यांत जमतं आणि अर्धं काम तिथेच होतं.

सी३मधला मॅक्रो ठेवायचा की नाही, हे तुम्ही फ्लॅश वापरता की नाही यावर ठरेल. नैसर्गिक उजेडात फुलं काढत असाल तर स्लॉट नको, फूल कुठे पळून जात नाही. कीटकांना फ्लॅश लावत असाल तर स्लॉट जरूर द्या, आणि त्याचं कारण व्ह्यूफाइंडर आहे. फ्लॅशसाठी १/२००, एफ/११, आयएसओ २०० असं लावलं की व्ह्यूफाइंडर त्या सेटिंगचा खरा परिणाम, म्हणजे फ्लॅशविना काळोख, दाखवतो. काही कॅमेरे फ्लॅश चढवल्यावर आपणहून उजळ चित्र दाखवतात, काही नाही. जे दाखवत नाहीत त्यांत एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करावं लागतं. सोनीवर 'सेटिंग इफेक्ट ऑफ' म्हणतात तेच. ते मेन्यूत खोल असतं आणि परत सुरू करायला हमखास विसरलं जातं. विसरलात तर पुढचे सगळे फोटो अंदाजाने काढल्यासारखे होतात, कारण स्क्रीनवर कायम छान उजेड दिसत राहतो. असली जोखमीची सेटिंग स्लॉटमध्येच कोंडलेली बरी.

चौथ्या-पाचव्या स्लॉटचा हट्ट तरीही असेल तर तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. ल्युमिक्स एस५मध्ये सी३च्या पोटात सी३-१ ते सी३-१० अशी साठवण होते. सोनीत डायलवरच्या आकड्यांखेरीज एम१ ते एम४ कार्डावर साठवता येतात. फुजीचं मात्र मॉडेल पाहून ठरवा. एक्स-एच२सारख्या मोड डायल असलेल्या कॅमेऱ्यांत सी१ ते सी७ सगळी सेटिंग धरतात. एक्स-टी५मधले सी१ ते सी७ फक्त फिल्म सिम्युलेशन, व्हाइट बॅलन्स, ग्रेन अशी चित्राच्या रूपाची सेटिंग धरतात. शटर आणि आयएसओ तिथे डायलवर हातानेच लावायचे.

हाताने लावायच्या गोष्टींचा मुद्दा तुमच्याही कॅमेऱ्याला लागू आहे. लेन्सवरचं एएफ-एमएफचं बटण, स्टॅबिलायझेशनचं बटण, फोकस लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित करणारं बटण), अपर्चर रिंग, बॉडीवरचा आकडे कोरलेला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा डायल, यांची जागा कुठलाही कस्टम मोड बदलू शकत नाही. तो डायल तुम्ही -१वर सोडलात तर बहुतेक कॅमेऱ्यांत सी१ मध्येही -१च चालेल. स्लॉट बदलला की एकदा बोट लेन्सच्या कडेवरून फिरवायचं. ट्रायपॉडवरून उतरताना स्टॅबिलायझेशन बंद राहून जाणं ही यातली सर्वांत नेहमीची चूक.

साठवण्याचा क्रम असा ठेवा. डायल एमवर, म्हणजे मॅन्युअलवर, न्या आणि सगळं लावा. साठवण्याआधी एक फेरी मारा: कॉम्पेन्सेशन शून्य (नाटकाचा अपवाद सोडून), टायमर बंद, ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे लागोपाठ फोटो) बंद, क्रॉप मोड बंद, फोकसचा पॉइंट मधे, फाइल रॉ. यातली एखादी गोष्ट चुकून साठली तर ती दर वेळी परत येते आणि कारण सापडत नाही. मग खऱ्या विषयावर दहा-वीस फोटो काढून बघा आणि नंतरच मेन्यूतून नोंदवा. कॅननवर ते 'रजिस्टर सेटिंग्ज', निकॉनवर 'सेव्ह यूझर सेटिंग्ज', सोनीवर 'कॅमेरा सेट मेमरी' या नावाने सापडेल.

पुढे कधी एकच गोष्ट बदलायची असेल, समजा सी२ची आयएसओ मर्यादा, तर एक काळजी घ्या. दिवसभर सी२वर काम करून संध्याकाळी मर्यादा बदलली आणि तशीच नोंदवली, तर दिवसभरातल्या सगळ्या तात्पुरत्या तडजोडीही तिच्याबरोबर आत जातात. आधी डायल एवर न्या, परत सी२वर आणा, म्हणजे मूळ साठवण ताजी उघडेल. मग फक्त मर्यादा बदला आणि लगेच नोंदवा. मधे दुसरं काही हलवू नका.

सगळं मनासारखं बसलं की त्याची प्रत ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेटिंग मेमरी कार्डावर फाइल म्हणून उतरवता येतात. ती फाइल साधारणपणे त्याच मॉडेलवर परत चढते, दुसऱ्या मॉडेलवर नाही. आणि कार्ड फॉरमॅट केलं की फोटोंबरोबर तीही जाते, म्हणून लगेच कंप्युटरवर उतरवून घ्या. सोनीचे एम१ ते एम४ कार्डावर असतात, त्यांनाही हेच लागू. फुजीफिल्मचं एक्स अ‍ॅक्वायर आणि ओएम सिस्टिमचं ओएम वर्कस्पेस हे सॉफ्टवेअर वापरून थेट कंप्युटरवर प्रत घेता येते. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट करण्याआधी हे न चुकता करा, काही अपडेटनंतर सेटिंग कारखान्यातून आल्यासारखी होतात. कार्डावर साठवायची सोय नसेल तर मेन्यूच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. कंटाळवाणं आहे, पण पुन्हा सगळं लावताना दहा मिनिटांत काम होतं.

भावाचं उत्तर या सगळ्यातून जवळपास मिळालंच आहे. ऑटो अपडेट बंद असेल तर त्याने सी१-सी२वर काहीही फिरवलं तरी डायल हलवताच तुमची साठवण परत येते. त्याला कॅमेरा देताना डायल पीवर (प्रोग्रॅम मोड) किंवा ऑटोवर ठेवून द्या आणि एवढंच सांगा, की मेन्यूतलं 'रजिस्टर' आणि 'रीसेट ऑल' हे दोन शब्द दिसले तर हात लावायचा नाही. परत आल्यावर बटणांची कामं बदलली आहेत का ते मात्र बघा, कारण कोणत्या बटणाला कोणतं काम ही नोंद काही कॅमेऱ्यांत कस्टम मोडच्या बाहेर असते आणि आपोआप पूर्ववत होत नाही. तिथे तुमची ती कंप्युटरवरची फाइल कामी येईल.

पुढच्या प्रयोगाच्या तालमीला सी१ घेऊन जा आणि पडद्यावर पट्टे कोणत्या शटरला दिसेनासे झाले ते मला नक्की कळवा. तुमच्या नाट्यगृहातले दिवे कसे आहेत ते कळलं तर शटरबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.